निकदेमाची वेळ : कष्टकऱ्यांच्या इंग्रजी वर्गांची गोष्ट



दोन वर्षांपूर्वी एका रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी एक सूचना वाचली. नोकरी-मजुरी करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी मोफत इंग्रजी वर्ग, दर शनिवारी सकाळी अकरा वाजता, मंडळीच्या हॉलमध्ये. आम्ही पाच-सहा स्वयंसेवक दारात वही घेऊन उभे होतो. त्या दिवशी तेवीस नावे आली आणि आम्हाला फार आनंद झाला. पहिल्या शनिवारी अकरा जण आले, दुसऱ्या शनिवारी सात आणि चौथ्या शनिवारी दोन. ते दोघेही निवृत्त होते.

आम्ही आपसात काय बोललो ते कबूल करायला हवे. लोकांना फुकटाची किंमत नसते, असे आम्ही म्हणालो. शिकायची तळमळच नाही, असेही म्हणालो.

वहीत पहिले नाव एका मावशींचे होते. त्या बेळगावातल्या एका दवाखान्यात वॉर्डात काम करतात. वर्गाला त्या एकदाही आल्या नव्हत्या, म्हणून आम्ही त्यांच्या घरी गेलो. चहा ठेवता ठेवता त्यांनी नाव का दिले ते सांगितले. एका रुग्णाच्या खाटेला पाटी लावली होती आणि तिच्यावर इंग्रजीत तीन अक्षरे होती, एन. बी. एम. म्हणजे तोंडाने काही द्यायचे नाही. मावशींना ती वाचता आली नाहीत. आजोबा पाणी मागत होते, त्यांनी पाणी दिले. त्या दिवशीचे ऑपरेशन पुढे ढकलावे लागले. मावशींना बोलणी बसली आणि पगारही कापला गेला. "पगाराचं काही नाही," त्या म्हणाल्या, "पण त्या म्हाताऱ्याला काही झालं असतं तर?"

मग वर्गाला का येत नाही, असे आम्ही विचारले. त्या शांतपणे म्हणाल्या, "शनिवारी अकराला मी वॉर्डात असते. तुमचा वर्ग चांगलाच असेल. पण तो ज्यांना सुट्टी असते त्यांच्यासाठी आहे."

हे वाक्य घेऊन आम्ही घरी परतलो. आपल्याआधी ज्यांनी कष्टकरी माणसांना शिकवले, त्यांनी वेळेचा हा प्रश्न कसा सोडवला, ते शोधायला आम्ही बसलो. त्या वाचनातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात वेल्समधून करू. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रिफिथ जोन्स नावाचे एक पाळक लॅनडाऊरर या खेड्यात सेवा करत होते. आपल्या लोकांना वचन वाचता येत नाही याची त्यांना खंत होती. पण ते लोक शेतकरी आणि गडीमाणसे होते. त्यांना वर्षभर शाळेत कोण बसू देणार? १७३१च्या सुमारास जोन्स यांनी फिरत्या शाळा सुरू केल्या. शिक्षक एखाद्या गावी सुमारे तीन महिने राहायचा, देवळात किंवा रिकाम्या कोठारात शिकवायचा आणि मग पुढच्या गावी जायचा. शाळा मुख्यतः हिवाळ्यात भरत, कारण तेव्हा शेतीची कामे कमी असत. दिवसा ज्यांना येता येत नसे त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग असत. १७६१ साली जोन्स प्रभूकडे गेले, तोवर अशा तीन हजारांहून अधिक शाळा भरून गेल्या होत्या.

जोन्स यांनी या शाळा इंग्रजीत चालवल्या नाहीत, वेल्श भाषेत चालवल्या. ज्या भाषेत माणूस विचार करतो तिच्यातून त्याला आधी वाचता येऊ दे, हा त्यांचा आग्रह होता. इंग्रजीतून सुरुवात केली तर लोक शब्द पाठ करतील पण त्यांना अर्थ कळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या मुद्द्याकडे आपण पुढे परत येऊ.

आता इंग्लंडमध्ये येऊ. १७८० साली ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स यांनी रविवारची शाळा चालवली, हे आपल्या संडे स्कूलच्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. ती रविवारीच का, हे मात्र आपण क्वचित विचारतो. त्या गावातली गरीब मुले आठवडाभर टाचण्यांच्या कारखान्यांत राबत. त्यांना रविवारखेरीज दुसरा दिवसच नव्हता. म्हणजे आपल्या संडे स्कूलचा जन्मच कामगाराच्या सुट्टीकडे पाहून झाला.

मोठ्यांसाठी अशी शाळा १७९८ साली नॉटिंगहॅम इथे निघाली. विल्यम सिंगलटन हे मेथडिस्ट होते आणि सॅम्युएल फॉक्स हे क्वेकर. दोघे वेगवेगळ्या पंथांचे, पण या कामात एकत्र आले. लेस आणि मोजे विणण्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या तरुण स्त्रियांसाठी त्यांनी वाचन, लेखन आणि हिशेबाचा वर्ग उघडला. पुढे १८१२ साली ब्रिस्टलमध्ये विल्यम स्मिथ नावाच्या माणसाने प्रौढांची शाळा सुरू केली. हा स्मिथ एका प्रार्थनामंदिराचा द्वारपाल होता. फार शिकलेला नव्हता, श्रीमंत तर नव्हताच. त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत साठी ओलांडलेला एक गृहस्थ होता. अशा कामासाठी मोठी पदवी लागते असे ज्यांना वाटते, त्यांनी हा द्वारपाल लक्षात ठेवावा. दारात उभा राहणारा माणूस कोण आत येते ते पाहतो, आणि कोण येऊ शकत नाही तेही पाहतो.

आपल्याकडे काय घडत होते? १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रशाळा काढली. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले होते. त्याआधी त्यांचे शिक्षण मध्येच थांबले होते आणि ते वडिलांबरोबर बागकामात गुंतले होते. शेजारच्या जाणत्या माणसांनी वडिलांना समजावले, म्हणून १८४१ साली ते पुन्हा शाळेत गेले. कामात अडकून शिक्षण सुटणे म्हणजे काय, हे त्यांनी भोगले होते. म्हणून दिवसभर राबून आलेल्या माणसासाठी दिवा रात्री लावायला हवा, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही.

पण दिवा लावला तरी माणसाच्या अंगात तिथवर येण्याचे त्राण उरायला हवे. मुंबईच्या गिरण्यांत त्या काळी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम चाले. सरकारी कचेऱ्यांना रविवार होता, गिरणीला नव्हता. फुल्यांच्या सत्यशोधक विचारांत वाढलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी ही त्यातली एक मागणी होती. अखेर १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्या वर्षी कारखान्यांच्या कायद्यातही साप्ताहिक सुट्टी आली. तरीही कापड गिरणीतल्या पुरुष कामगाराच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा पडायला १९११ साल उजाडावे लागले, आणि नऊ तासांची मर्यादा तर त्यानंतर कित्येक वर्षांनी आली.

हे आकडे आम्ही मुद्दाम देत आहोत. शिकवणाऱ्याची तळमळ आणि शिकणाऱ्याची इच्छा या दोन गोष्टी पुरेशा आहेत असे आम्ही समजत होतो. तिसरी गोष्ट आम्ही विसरलो होतो, ती म्हणजे शिकणाऱ्याच्या हातातला वेळ. तो कुणीतरी झगडून मिळवलेला असतो आणि म्हणून फार मोलाचा असतो.

आतापर्यंतची उदाहरणे मुख्यतः लिहिण्या-वाचण्याची झाली. ज्यांची मायबोली इंग्रजी नाही अशा कामगारांना इंग्रजी शिकवण्याचे काम सर्वांत मोठ्या प्रमाणात अमेरिकेत झाले, कारण तिथे देशोदेशीचे लोक पोटासाठी येत होते. वाय. एम. सी. ए. ही संस्था १८४४ साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स या कापडाच्या दुकानातल्या तरुण नोकराने मित्रांबरोबर सुरू केली, म्हणजे तिचा जन्मही कष्टकऱ्यांतच झाला. १८५६ साली तिच्या सिनसिनाटी शहरातल्या शाखेने जर्मनीहून आलेल्या लोकांसाठी इंग्रजीचा वर्ग भरवला. १८८९ साली शिकागोत जेन ॲडम्स आणि एलन स्टार यांनी हल हाऊस उघडले. ते कारखान्यांत राबणाऱ्या परदेशी लोकांच्या वस्तीतच होते. तिथे मोठ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग चालत, आणि मुलांसाठी बालवाडी व पाळणाघरही होते. कडेवर मूल असलेल्या आईला वर्ग मोफत आहे एवढे सांगून भागत नाही. मूल कुठे ठेवायचे, हेही सांगावे लागते.

या कामात आम्हाला सर्वांत जवळचे वाटले ते पीटर रॉबर्ट्स. त्यांचा जन्म वेल्सचा, म्हणजे ग्रिफिथ जोन्स यांच्याच देशातला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींच्या मुलखात ते पाळक होते. खाणकामगारांचे जीवन त्यांनी जवळून पाहिले आणि त्यावर पुस्तकेही लिहिली. १९०७ साली ते वाय. एम. सी. ए.च्या कामात आले. इंग्रजी शिकवण्यासाठी त्यांनी जे धडे रचले ते व्याकरणापासून सुरू होत नव्हते. ते कामगाराच्या दिवसापासून सुरू होत होते. सकाळी उठणे, तोंड धुणे, कामावर जाणे, दुकानातून सामान आणणे. घरचे धडे, कारखान्यातले धडे आणि व्यवहारातले धडे अशा त्यांच्या तीन माला होत्या. शिक्षक एकेक कृती करून दाखवी आणि तिचे वाक्य म्हणे, विद्यार्थी ते पुन्हा म्हणत. दुसऱ्या दिवशी पहाटे तोंडावर पाणी मारताना कामगाराला कालचे वाक्य आपोआप आठवावे, अशी ती रचना होती. दिवसभर राबणाऱ्या माणसाला घरी अभ्यासाला वेळ नसतो, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच असे सुचते.

प्रियांनो, या कथेला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवणे बरे नाही. १९१४ साली डेट्रॉइटजवळच्या हायलँड पार्कमधल्या फोर्ड मोटारीच्या कारखान्याने परदेशी कामगारांसाठी इंग्रजी शाळा काढली. पद्धत रॉबर्ट्स यांचीच होती. हजारो कामगार तिथे शिकले. पण तिथे येणे ऐच्छिक नव्हते. इंग्रजीबरोबर कसे राहावे, कसे वागावे, कशाला चांगला कामगार म्हणावे हेही मालकाच्या मनाप्रमाणे शिकवले जाई. पदवीदान समारंभात व्यासपीठावर एक भलीमोठी कढई मांडत. कामगार आपापल्या देशाच्या पोशाखात त्या कढईत उतरत आणि दुसऱ्या बाजूने अमेरिकन सूट घालून, हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन बाहेर पडत. इंग्रजी त्यांना मिळाली, पण आपली जुनी ओळख कढईत सोडून येण्याच्या अटीवर.

हे वाचून आम्ही थांबलो, कारण आमच्या वर्गासाठीही एका हितचिंतकांनी सूचना केली होती. साहेबांशी नम्रपणे बोलण्याची वाक्ये शिकवा, म्हणजे मालक खूश होतील आणि वर्गाला देणगीही मिळेल, असे ते म्हणाले होते. सूचना त्यांनी चांगल्या मनाने केली होती, आणि नम्रता वाईट नाही. पण मावशींना कोणते वाक्य हवे होते? आम्ही त्यांना विचारले होते. त्या म्हणाल्या, "मला समजलं नाही, परत सांगा, हे इंग्रजीत कसं म्हणायचं तेवढं शिकवा. नर्सबाई पटकन बोलून निघून जातात आणि मी मान हलवते. मान हलवली की चूक होते."

पाहा, मालकाला हवे असलेले वाक्य एक आणि कामगाराला हवे असलेले वाक्य दुसरे. ज्याला 'समजले नाही' असे म्हणता येते, त्याच्या हातून दुसऱ्याचा जीव धोक्यात येत नाही. त्याची स्वतःची मानही ताठ राहते.

आता ग्रिफिथ जोन्स यांच्या मुद्द्याकडे परत येऊ. आपल्या बेळगावात घरी मराठी, कचेरीत कन्नड, कामावर हिंदी आणि औषधाच्या पाकिटावर इंग्रजी अशी स्थिती आहे. इंग्रजी वर्गात फक्त इंग्रजीच बोलायचे, असा नियम आम्ही सुरुवातीला केला होता. रॉबर्ट्स यांना तसे करणे भाग होते, कारण त्यांच्यापुढे अनेक देशांचे आणि अनेक भाषांचे लोक असत. आमच्यापुढे तर सगळेच मराठी बोलणारे. मग आपली भाषा दाराबाहेर का ठेवायची?

इथे आपल्याच गावच्या एका माणसाची आठवण होते. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावचा. इथल्याच मिशनच्या शाळेत ते शिकले आणि १८५४ साली इथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. 'यमुनापर्यटन'चे लेखक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण १८६३ साली त्यांनी आणखी एक काम केले. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची त्यांनी संक्षिप्त आवृत्ती तयार केली. मूळ कोश अवाढव्य होता, तो काही सामान्य माणसाने काखेत मारून न्यावा असा नव्हता. गंमत अशी की त्या कोशाची पहिली आवृत्ती आणि बाबांचा जन्म, दोन्ही १८३१ सालचे. कोशात शब्द आधी मराठीत येतो, मग इंग्रजीत. मराठीचा हात धरून इंग्रजीत जायचे, ही वाट आपल्या गावच्या माणसाने दीडशे वर्षांपूर्वीच सोपी करून ठेवली होती. आम्हीच ती विसरलो होतो.

एवढे सगळे वाचून झाल्यावर आम्ही काय केले ते थोडक्यात सांगतो.

पहिले म्हणजे शनिवारचा अकराचा वर्ग बंद केला. वहीतल्या तेवीस जणांच्या घरी जाऊन प्रत्येकाची कामाची वेळ लिहून घेतली. उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणाऱ्या भावांची पाळी दर आठवड्याला बदलते, म्हणून एकच धडा आठवड्यात दोनदा घेऊ लागलो, एकदा सकाळी सातला आणि एकदा रात्री साडेआठला. पहिली पाळी असेल तर रात्री या, दुसरी असेल तर सकाळी या. चुकलेला धडा चुकला असे होत नाही. दुसरे म्हणजे मुलांना बरोबर आणायला सांगितले. संडे स्कूलच्या मुली शेजारच्या खोलीत त्यांना गोष्टी सांगतात. तिसरे म्हणजे पुस्तक बाजूला ठेवले. प्रत्येकाने आठवडाभरात न समजलेला एक इंग्रजी शब्द कागदावर उतरवून आणायचा, किंवा मोबाईलवर त्याचा फोटो काढून आणायचा. मशीनवरची पाटी, गोळ्यांचे पाकीट, बँकेचा अर्ज, मुलाच्या शाळेची चिठ्ठी. त्यातूनच धडा होतो. अर्थ मराठीत सांगतो, मग वाक्य इंग्रजीत म्हणतो. आणि नवा माणूस आला की त्याला पहिले वाक्य शिकवतो ते मावशींचे.

आज वर्गात तेवीस नाहीत, चौदा आहेत. कधी नऊ येतात. एकदा पावसात तिघेच होते. आम्ही आता संख्या मोजून उदास होत नाही. मागच्या महिन्यात मावशींनी वॉर्डातल्या पाटीवरची ती तीन अक्षरे फळ्यावर स्वतः लिहिली आणि बाकीच्यांना त्यांचा अर्थ सांगितला. त्या रात्री शिक्षक त्याच होत्या.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम येशूकडे रात्री येतो. तो घाबरून रात्री आला, असे आपण प्रवचनांत पुष्कळदा ऐकले आहे. असेलही. पण या वर्गानंतर आम्हाला त्या अध्यायात आणखी एक गोष्ट दिसू लागली. प्रभूने त्याला उद्या सकाळी मंदिरात ये असे सांगितले नाही. तो ज्या वेळी येऊ शकला, ती वेळ प्रभूने आपली मानली. आणि निकदेम त्या रात्री काय करतो? तो विचारतो. कळले नाही म्हणून पुन्हा विचारतो. एवढा विद्वान माणूस, इस्राएलाचा गुरू, पण कळले असे दाखवून मान हलवत नाही. प्रभू त्याला त्याच्या अज्ञानाची जाणीव देतो, पण दारातून परत पाठवत नाही. शुभवर्तमानातले किती मोठे वचन त्या रात्रीच्या शिकवणीत बोलले गेले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

तेव्हा प्रियांनो, आपल्या मंडळीत असा वर्ग सुरू करण्याचा विचार असेल तर फळा आणि खडू नंतर आणा. आधी वही घेऊन घरोघर जा आणि एकच प्रश्न विचारा, तुम्ही कोणत्या वेळी मोकळे असता? उत्तर रात्री नऊ असे आले, तर रात्री नऊला दिवा लावा.

हे प्रभू, दिवसभर राबून थकलेल्या पावलांनी जे शिकायला येतात, त्यांना बळ दे. जे येऊ शकत नाहीत, त्यांना आम्ही आळशी म्हणालो, त्याबद्दल आम्हाला क्षमा कर. शिकवताना आम्हाला घाई होऊ देऊ नकोस, आणि कुणी दुसऱ्यांदा विचारले तर तू निकदेमाला दिलास तसा वेळ आम्हालाही देता येऊ दे. आमेन.